दुसऱ्या तबकडीचा आकडा

“आज मी सांगणार नाही.”

“अगं, हळू बोल. बाहेर पहारेकरी आहे.”

“दार वीतभर जाड आहे, दादा. त्याला आपला खोकलासुद्धा ऐकू जात नाही. गेला असता तर बरंच झालं असतं. एखाद्या शहाण्याने विचारलं तरी असतं, ही दोघं आत करतात काय.”

“पहिले दोन सांग फक्त. पुढचे येतात मला.”

“सोमवारी म्हणालात, शेवटचे दोन सांग. काल म्हणालात, मधले दोन सांग. एकूण आकडे सहा. पहिले, मधले आणि शेवटचे सोडून तुम्हाला नेमके कोणते येतात?”

“तुझ्या जिभेला हाड नाही बघ.”

“नाही ना. आणि तुमच्या डोक्याला तळ नाही. जोडी शोभतेय.”

एवढं सगळं ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. नाक भिंतीपासून चार बोटांवर, हात मागे बांधलेले, पाठ त्याच्याकडे. गृहपाठ न केलेल्या मुलीला वर्गात उभं करतात, तशी. वय वर्षं त्रेपन्न.

नियमच तसा होता. खोलीत एक पोलादी कपाट, कपाटाला दोन तबकड्या. डाव्या तबकडीचा आकडा फक्त तिला ठाऊक, उजव्या तबकडीचा फक्त त्याला. एकाने तबकडी फिरवायची तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “पाठ आहे.” मग अदलाबदल. दोन्ही तबकड्या बसल्या की कपाट उघडायचं. आत चौदा सीलबंद पाकिटं. लष्करी तळावर, जमिनीच्या पोटात जी अण्वस्त्रं ठेवलेली होती, ती या पाकिटांतल्या कागदांशिवाय म्हणजे नुसती लोखंडी पिंपं. कागद हाती आला, की एखादं शहर दुपारच्या चहाआधी पुसून टाकता येईल. आता एकट्या माणसाच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नाही. राग शिरतो, लोभ शिरतो, कधी साक्षात देव शिरतो. म्हणून दोन माणसं, दोन आकडे. आणि त्या खोलीत एकट्याने क्षणभरही थांबायचं नाही. एकाला शिंक आली आणि रुमाल बाहेर राहिला असेल, तर दोघांनी बाहेर जायचं आणि दोघांनी मिळून एक रुमाल आणायचा.

रोज सकाळी साडेनऊ. कपाट उघडा, पाकिटं मोजा, मोहोरा बघा, वहीत दोन सह्या करा. मुदत पंधरा मिनिटं. आज त्यातली सहा भांडणात गेली होती.

एकोणीस वर्षं हे चाललं होतं. तळावर त्यांना कडी आणि कोयंडा म्हणत. ती कडी, तो कोयंडा. कोणी तरी थट्टेत ठेवलेली नावं; पुढे हजेरी घेणाराही तीच पुकारायला लागला आणि दोघांनी हू की चू न करता ओ दिली.

कडी कुलपांतच वाढली. बाप रस्त्याच्या कोपऱ्यावर बसून कुलपं दुरुस्त करायचा आणि गिऱ्हाइकांना मनापासून तुच्छ लेखायचा. कुलूप हातात घेऊन तेल सोडता सोडता सहज विचारायचा, “किल्ली कुठे ठेवता हो?” लोक सांगायचे. कुंडीखाली. चपलांच्या खणात. मीटरच्या डब्यावर. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि ज्याच्या हातात आत्ता आपलं कुलूप आहे, त्याला सांगायचे! संध्याकाळी जेवताना बाप ती सगळी यादी पाठ म्हणून दाखवायचा आणि हसता हसता त्याला ठसका लागायचा. “चोराला काही कष्टच नाहीत गं या गावात. तोंड उघडून विचारायचं, एवढंच.” आई म्हणायची, “जेवा आता, लोकांच्या किल्ल्या पोटात घालू नका.” मुलगी मात्र कान देऊन ऐकायची. माणसांबद्दलचं जे मत बापाने चाळीस वर्षं उन्हात बसून बनवलं, ते तिला घरबसल्या आयतं मिळालं.

नोकरीच्या मुलाखतीला तीन अधिकारी होते. मधल्याने विचारलं, “गुपित ठेवता येतं का तुम्हाला?”

“साहेब, एकत्र कुटुंबातली मधली सून आहे मी. दिवसभर दुसरं करते काय?”

तिघंही हसले. कडी हसली नाही. तिने विनोद केलाच नव्हता.

घरी ती काय काम करते हे कोणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याला वाटायचं, बायको कुठल्या तरी भांडारात वह्या सांभाळते. सासूला तेवढंही वाटत नसे. ऐंशी वर्षांची सासू धान्याच्या कोठीची किल्ली अजून स्वतःच्या कमरेला बांधून हिंडायची आणि आल्यागेल्याला सांगायची, “मोठीचं ठीक आहे, धाकटीही बरी. मधलीच्या ताब्यात मात्र मी काही देत नाही. वेंधळी आहे ती.” मधली हे रोज ऐकायची, चहाचा कप विसळायची आणि शहरं पुसणारं कपाट उघडायला निघायची.

कामाच्या ठिकाणी तिला सगळ्यांत जास्त चीड होती ती पाहुण्यांची. महिन्या-दोन महिन्यांनी साहेब कोणाकोणाला घेऊन यायचे. उघड्या दारातून खोली दाखवायचे. छडी कपाटाकडे, मग कडी-कोयंड्याकडे. जनावरांच्या बाजारात दाखवतात तसं. “दोन माणसं, दोन आकडे. एकट्याला देवाने सांगितलं तरी उघडता येणार नाही.” पाहुणे माना डोलवायचे. त्यांतला एखादा फार हुशार असायचा. तो विचारायचा, “समजा, एकाला वेड लागलं तर?” साहेब जणू याच प्रश्नासाठी पगार घेत असल्यासारखे खुलायचे. “म्हणून तर दोन!” मग सगळे हसायचे आणि चहाला जायचे. एकोणीस वर्षांत एकाही गाढवाने हे विचारलं नाही की समजा, एक जण नुसता विसरला तर?

आणि कोयंडा विसरत होता.

हा तोच माणूस, ज्याने तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. “आकडा लिहायचा नाही. पुटपुटायचा नाही. जन्मतारीख, घराचा नंबर, असल्या कशाशी जोडून लक्षात ठेवायचा नाही. दर तीन महिन्यांनी नवा येतो. नवा आला की जुना विसरायचा. मी तर बाई, हुकमाने विसरतो. आज सांगा, आज विसरतो.” छाती अशी काढायचा जणू ती सीमेवर वार झेलून आलेली ढाल आहे. केलेलं काय, तर तबकडी फिरवली आणि भिंत पाहिली. पण माणूस त्यावरच जगत होता. तळाच्या एका समारंभात कोणीतरी त्याला ‘विश्वासू’ म्हणालं होतं. तो शब्द त्याने इतका वापरला, की त्याची बायको भाजीवाल्याकडेसुद्धा “आमचे हे विश्वासू आहेत” म्हणून भाव करायची.

चौदा महिन्यांपूर्वी तीच बायको, कडी तिला वहिनी म्हणे, त्याचा राहिलेला डबा द्यायला फाटकापाशी आली होती. डबा देऊनही जाईना.

“यांचं कामावर ठीक आहे ना?”

“ठीक म्हणजे?”

“काही नाही. परवा आपला सोडून तिसऱ्याच थांब्यावर उतरले आणि तिथेच बसून राहिले. नातीला तिच्या आईच्या नावाने हाक मारतात. मी आपलं म्हटलं, वय झालं.” मग वहिनीने तिचा हात धरला. “आत काय असतं ते मला माहीत नाही, पण तू असतेस ना त्यांच्याबरोबर?”

“असते की. मला एकटीला सोडतंय कोण?”

त्याच आठवड्यात कोयंडा तबकडीपाशी नुसता उभा राहिला. कडीने भिंतीवर रंगाचे पोपडे मोजले, एकतीस झाले, तरी तबकडीचा आवाज येईना. शेवटी तो म्हणाला, “चष्मा बदलायला हवा.” दुसऱ्या दिवशीही चष्मा. तिसऱ्या दिवशी नव्या आकड्याचं पत्र आलं, तेव्हा ते जाळायच्या आधी त्याने तिच्या कानाशी येऊन सगळे सहा आकडे सांगून टाकले. “तू आपलं ऐकून ठेव. लागलं तर.”

रोजच लागलं, आणि पुढच्या प्रत्येक पत्राच्या वेळी त्याने तेच केलं.

तेव्हापासून या दोन महाभागांनी जी पद्धत काढली, ती बापाने पाहिली असती तर ठसका लागून तो जागच्या जागी गेला असता. कोयंडा उजव्या तबकडीपाशी जायचा. कडी भिंतीकडे तोंड करायची, नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणायची, “पाठ आहे,” आणि त्याच दमात भिंतीला त्याचा आकडा सांगायची. तो ऐकून फिरवायचा. तबकडीकडे तिने चुकून डोळा वळवला नाही. एकदा शिंक आली तेव्हासुद्धा नाही! नियम मोडला असं कोणी म्हणायला नको. आंधळं दळत होतं आणि पिठाकडे पाठ करून बसलं होतं.

वर दर सहा महिन्यांनी एक कागद भरायचा असे. प्रत्येकाने आपल्या सोबत्याबद्दल लिहायचं: फार पितो का, रडतो का, रात्री झोपतो का. सातवा प्रश्न, ‘सोबत्याच्या स्मरणशक्तीत बदल जाणवला का? हो / नाही.’ कडीने दोनदा ‘नाही’वर खूण केली होती. कोयंड्यानेही तिच्याबद्दलच्या कागदावर दोन्ही वेळा ‘नाही’ केलं होतं. तेवढं तरी खरं होतं.

मग मागचा बुधवार आला. कडीने आकडा सांगितला, कोयंड्याने चुकवला. परत सांगितला, परत चुकवला. तिसऱ्यांदा तिचं डोकं फिरलं. ती भिंतीपासून वळली, त्याला खांद्याने बाजूला सारलं, डावी तबकडी फिरवली, उजवी फिरवली. कपाट उघडलं. किती गोड उघडलं! घरच्या मिठाच्या बरणीचं झाकण निघायला जास्त जोर लागतो. कोयंडा म्हणाला, “वा, आज लवकर झालं.” आणि खाली मान घालून पाकिटं मोजायला लागला.

त्या दिवशी घरी जाऊन कडी सासूवर विनाकारण ओरडली, आणि सासू म्हणाली, “बघा, म्हणून मी हिच्या ताब्यात काही देत नाही.” पहिल्यांदाच कडीला म्हातारीचं पटलं.

काल ती साहेबांकडे गेली. साहेब पुढच्या आठवड्यातल्या तपासणीसाठी भिंतीवर पाटी लावून घेत होते: ‘सलग एकोणीस वर्षे. एकही दिवस विलंब नाही.’ पाटी तिरपी होती. साहेब लांबून एक डोळा मिटून बघत होते.

“साहेब, दादांच्या आठवणीबद्दल बोलायचं होतं.”

“आठवण आपल्या सगळ्यांचीच तशी, बाई. मला बायकोचा वाढदिवस आठवत नाही.”

“तो विसरल्याने शहर जळत नाही, साहेब.”

“तुम्ही माझ्या बायकोला भेटलेल्या नाहीत.” साहेब स्वतःच खदखदून हसले, मग पाटी धरणाऱ्याला म्हणाले, “डावीकडून वर घे.”

“समजा, दोन्ही आकडे एकाच माणसाला माहीत झाले तर?”

“कसे होतील? दोन माणसं आहेत ना तिथे.”

“आहेत.”

“मग झालं तर.” त्यांनी आवाज खाली आणला. “हे पहा, त्यांना चाचपडायला होत असेल तर एका चिठ्ठीवर लिहून ठेवायला सांगा. नियमात बसत नाही, पण तपासणी होईपर्यंत आपण समजून घेऊ.”

“आणि चिठ्ठी कुठे ठेवायची?”

“सुरक्षित जागी. कपाटात ठेवा.”

“कोणत्या कपाटात, साहेब?”

“अहो, तुमच्या त्या. त्याच्याइतकी सुरक्षित जागा आहे का तळावर दुसरी?”

साहेब चेष्टा करताहेत का, हे बघायला कडी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. नव्हते करत. ते पाटी बघत होते. कपाट उघडायला चिठ्ठी आणि चिठ्ठी कपाटात. चार पट्ट्या खांद्यावर, आणि अक्कल चपलांच्या खणात ठेवून आलेला हा माणूस. तिने नमस्कार केला आणि निघाली. निघताना साहेब म्हणाले, “आणि बाई, तो सहामाही कागद उद्या दुपारच्या आत. यंदा सगळे ‘नाही’ आलेत, फक्त तुमचा राहिलाय.”

तो कागद आत्ता तिच्या वहीत घडी घालून होता.

“आठ मिनिटं झाली,” कोयंडा म्हणाला. “सांग ना गं. असं काय करतेस.”

“तो कागद भरायचाय मला. सातवा प्रश्न.”

“त्यात काय? ‘नाही’ लिही. नेहमीसारखं.”

“नेहमीसारखं.” ती भिंतीला म्हणाली.

“एकशे दहा दिवस राहिलेत माझ्या निवृत्तीला. मोजलेत मी.”

“ते बरे मोजता येतात.”

“‘हो’ लिहिलंस तर माझ्या कागदावर काय शिक्का येईल माहितेय? ‘विश्वासास अपात्र.’ छत्तीस वर्षांनी! शेजारी विचारतील, पोरगी विचारेल. मी काय चोर आहे?”

“चोर असता तर परवडलं असतं, दादा. चोराला आकडा लक्षात राहतो.”

तो समजूत काढल्याच्या स्वरात म्हणाला, “पण बिघडलंय कुठे? रोज उघडतंय, रोज बंद होतंय. एक दिवस उशीर नाही.”

“उशीर नाही, तेच तर! दोन माणसांना उशीर होतो. एका माणसाला कशाला होईल?”

“अगं, ती एक माणूस तू आहेस ना? माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“माझ्यावर?” कडी हसली, बापासारखी, ठसका लागेपर्यंत. “रविवारी माझं जावेशी भांडण झालं. कशावरून, तर टॉवेलवरून. घराला काडी लावावी असं वाटलं मला. खरंच वाटलं हो, चांगली पाच मिनिटं. लोकांना वाटतं, बायका बोलतात नुसत्या. मी काडेपेटी हातात घेतली होती. तेव्हाही दोन्ही आकडे माझ्या डोक्यात होते. माझ्यावर कोणाला विश्वास ठेवायला लागू नये म्हणून तर तुम्हाला इथे उभं केलं होतं, दादा. आणि तुम्ही काय केलंत? तुमचाही आकडा माझ्याच पदरात टाकलात.”

“मी माणूस म्हणून सांगितला.”

“मी माणूस म्हणून ऐकला. दोघंही मूर्ख.”

मग ती वळली. तो तबकडीसमोर असताना, भिंत सोडून, सरळ त्याच्याकडे. तो दचकला आणि सवयीने तबकडीवर हात आडवा धरला, तिला दिसू नये म्हणून. त्या हाताकडे पाहून तिला चीड आली आणि लगेच पहिल्या दिवशी शिकवणारा तो दादा आठवला. चीड सोपी होती. तिने तीच धरली.

“तुम्ही सांगा आता. एकदाच, तुमच्या तोंडून, सहा आकडे. सांगितलेत तर मी ‘नाही’वर खूण करते. वर आजपासून मी तुमचा आकडा विसरले, हुकमाने. तुम्ही शिकवलंय तसं. आणि नाही सांगता आले, तर ‘हो’. दुपारच्या आत कागद साहेबांच्या टेबलावर. पाटी पडो नाहीतर तपासणी बुडो.”

“अशी काय परीक्षा घेतेस. मी तुला हाताला धरून शिकवलं.”

“म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तुम्ही चष्म्याचं सांगितलं असतं.”

कोयंड्याने टोपी काढली. बोटांनी टोपीच्या कडेवर मोजत तो म्हणाला, “चार. एक. नऊ. नऊ…”

“हा मागच्या तीन महिन्यांचा.”

“हो. हो, तो मागचा. थांब.” त्याने डोळे मिटले. “सात, शून्य, दोन, दोन, आठ…” त्याचा चेहरा उजळला. “आठ, पाच! बघ!”

“तो तुमच्या घरचा फोन आहे, दादा.”

घड्याळाचा काटा बाराव्या मिनिटावर सरकला. कोयंडा तबकडीकडे पाहत राहिला. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा आणि नाव आठवू नये, तसा. कडीने कागद उघडला, वहीवर ठेवला, पेनचं टोपण काढलं.

“पहिला आकडा सांगा,” ती म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. “बाकीचे राहू देत. एकच सांगा. एकावर मी ‘नाही’ लिहिते.”

त्याने टोपी डोक्यावर ठेवली. नीट केली. दाराचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि दार उघडलं. बाहेरचा पहारेकरी ताडकन उभा राहिला.

“झालं का, दादा? आज लवकर… अहो, बाई कुठायत? एकटेच कसे बाहेर? अहो, बाई आत एकट्या आहेत का?”

“दादा,” आतून कडीने हाक मारली, “काय लिहू मी?”

पहारेकऱ्याने धोक्याच्या घंटेच्या दोरीला हात घातला. कोयंडा दोघांकडेही न पाहता लांबलचक बोळातून चालू लागला.